स्टेशनच्या खड्ड्यात फोडलेला नारळ

त्या दुष्काळी वर्षी सहकारी साखर कारखान्याचं गाळप संक्रांतीआधीच आटोपलं. ऊसच नव्हता. शिरूर कासारकडचे माझे मामा कोयता घरी ठेवून पुण्याला आले. मी तेव्हा तिथल्या एका दैनिकात होतो. मध्यवस्तीत भुयारी स्टेशनचं खोदकाम चाललं होतं. तिथल्या मुकादमाला सांगून मी त्यांना कामाला लावलं. मामी बैलजोडी घेऊन चारा छावणीत राहिली होती. छावणी कधीही उठेल, असं बोललं जात होतं. उठलीच तर मजुरीतून कडबा घ्यायचा आणि पाऊस येईपर्यंत बैल टिकवायचे, एवढंच मामांच्या मनात होतं.

फोडलेला खडक भरून द्यायचा, हे त्यांचं काम. गावाकडे त्यांनी बऱ्याच विहिरी खणल्या होत्या. शेवटच्या काही कोरड्याच निघाल्या.

एका दुपारी मी बातमीसाठी साइटवर होतो. खाली खडकाच्या भेगेतून पाणी उसळलं. मामा ओरडतच वर आले, "पानी लागलं! पानी लागलं!" रस्त्यापलीकडच्या दुकानातून नारळ घेतला आणि पुन्हा खाली गेले. आमच्याकडे विहिरीला पाणी लागलं की नारळ फोडतात.

टोळीतला आष्टीचा जोडीदार हसला. "नारळ कशाला आणला रं? हितं ऊस लावतो का काय?"

"लावतो की. तू ये तोडायला," मामा म्हणाले आणि नारळ फोडला. टोळीने हसत खोबरं खाल्लं.

इंजिनिअरने घेतलं नाही. तो म्हणाला, "काका, इथं पाणी लागलं म्हणजे काम बंद."

गळती थांबेपर्यंत त्या बाजूची टोळी बसवली. बसलेल्या दिवसांची मजुरी नव्हती. तरी मामा रोज जाऊन पत्र्याच्या कुंपणाबाहेर बसायचे. पंपाचं पाणी जाड पाइपातून गटारात पडत असायचं.

"लई गोड हाय रे," ते मला म्हणाले. "मी चाखलं."

मामीचा फोन तिथेच आला. छावणी उठली होती. बैलांना घालायला काडी नव्हती. काय करू, असं ती विचारत होती. पंपाच्या आवाजामुळे मामांनी तिला पुन्हा सांगायला लावलं. मग विचारलं, "बाजार कवा हाय?"

पुढच्या आठवड्यात गळती बुजवली. मुकादमाचा निरोप आला आणि मामा परत खाली उतरले. बैल तोवर आष्टीच्या बाजारात विकले गेले होते.