ओसरीवरची भिंत

सगुणाबाई गेल्याचं मला संस्थेच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. नावाआधी 'माजी अध्यक्ष' आणि खाली दुसऱ्या दिवशीच्या सभेची वेळ. महिना होऊन गेला. त्या असताना बोललो नाही, म्हणून आता लिहितो आहे.

मी संस्थांच्या विश्वस्तांना, पदाधिकाऱ्यांना प्रशिक्षण देतो. अर्जुनी मोरगावकडे मोहफुलं, हिरडा गोळा करणाऱ्या बायांची संस्था सगुणाबाईंनी उभी केली होती. त्यांच्या सभेत सगळ्या चटईवर गोल बसत, प्रत्येकीला बोलावंच लागे, आणि बाई सगळ्यांत शेवटी बोलत. मी पहिल्याच दिवशी चटई गुंडाळून खुर्च्या मांडल्या. बाई खुर्चीच्या टोकावर बसल्या आणि म्हणाल्या, "सर, पाय लोंबले का डोकं जास्त चालते का?" बाया हसल्या. मला ते लागलं, हे आज कबूल करतो.

दुसऱ्या दिवशी मी माझा आवडता प्रयोग घेतला. अध्यक्ष उद्या नसतील तर? अध्यक्षांनी तासभर बाहेर बसायचं, बाकीच्यांनी त्या नाहीतच असं धरून संस्था चालवायची, मग त्यांना आत बोलावून सगळं सांगायचं. मी बोलावेपर्यंत आत यायचं नाही, असं बाईंना बजावलं. त्या सुपात हिरडा पाखडायला घेऊन ओसरीवर भिंतीला टेकून बसल्या. मधे नुसती जाळीची खिडकी. मी एकेकीला नाव घेऊन डिवचलं. मग सचिव कविता म्हणाली, "बाई सही कराले अर्धा घंटा लावते. साहेब लोकांसमोर आमाले लाज वाटते." तिचं तोंड उघडलं तशी सगळ्यांची उघडली… बाईंच्या लुगड्यापासून बोलण्यापर्यंत. बाहेर हिरडा पाखडण्याचा आवाज थांबला. तो थांबलेला मी ऐकला. तास संपलेलाही घड्याळात पाहिला. पण चर्चा रंगात आली होती आणि… खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. जेवणं आतच झाली. प्रयोग होता, पण दुपारी ठराव खरा झाला. अध्यक्ष म्हणून कविताचं नाव, मग फोटो. उन्हं उतरल्यावर बॅग घेऊन बाहेर आलो, तर बाई तिथंच. जेवल्या नाहीत का, असं मी विचारलं.

"तुमी बोलावलाच नाही ना, सर."

अहवालात मी लिहिलं, 'चर्चा मोकळी झाली.'

त्यानंतर बाई कार्यालयात येत, पण उंबरा ओलांडत नसत. भिंतीला टेकून हिरडा निवडत. कुणी आत या म्हटलं, की म्हणत, सरनं अजून बोलावलं नाही. कविताने हे मला फोनवर हसत सांगितलं होतं. मीही हसलो. एकदा जाऊन 'आत या' एवढंच म्हणायचं होतं… गेलो नाही. त्या आजारी असतानाही नाही.

गेल्या आठवड्यात तिथल्या नव्या मंडळाच्या प्रशिक्षणाला गेलो. ओसरीच्या भिंतीवर, बसलेल्या माणसाच्या डोक्याइतक्या उंचीवर, बाईंच्या तेलाचा डाग तसाच आहे. नव्या सभासदांनी आग्रहाने तोच प्रयोग मागितला. अध्यक्ष कविता उठली, बाहेर गेली, डागापासून हातभर सरकून बसली.

"सर," जाळीतून तिनं विचारलं, "बोलावसान ना मले?"

आत बाया खुर्च्या जवळ ओढत होत्या.