सात सासवांचं कुटुंब

पहिल्याच दिवशी बाईंनी आम्हा सहाही जणांच्या खिशांतली खोडरबरं काढून घेतली. आम्ही एम.ए.च्या वर्गातले, स्वतःला अर्धे प्रोफेसर समजणारे लोक. पण शाळकरी पोरांसारखी रांग लावून खोडरबरं जमा केली. "शाईनं लिहायचं," बाई म्हणाल्या. "चुकलं तर एक आडवी रेघ मारायची आणि शेजारी सही करायची. रेघेखालचं मला वाचता आलं पाहिजे." कागद घाण दिसेल, असं कोणीतरी धीर करून पुटपुटलं. "दिसू दे. आपण लग्नपत्रिका छापत नाही आहोत."

फाळणीला तेव्हा पाच-सहा वर्षं झाली असतील. सिंधमधून आलेले निर्वासित लष्कराच्या जुन्या बराकींत राहत होते आणि त्या छावणीचं उल्हासनगर होत होतं. अंबरनाथला कारखाने वाढत होते. या सगळ्यामुळे बदलापूरपर्यंतच्या गावांत लोकांचं जिणं कसं पालटलं, याची पाहणी करायचं विद्यापीठातल्या आमच्या खात्यानं मनावर घेतलं आणि सुट्टीपुरते विद्यार्थी नेमले. मी अंबरनाथचाच. वडील कारखान्यात होते, घरात खाणारी तोंडं बरीच. पुढच्या वर्षाची फी या कामातून सुटणार होती. शिवाय काम पसंत पडलं तर खात्यात ट्यूटर म्हणून घेतील, अशी आशा होती.

आमच्या सुपरवायझर म्हणजे बाई. वय पस्तिशीच्या आसपास, बदलापूर गावात म्हाताऱ्या वडिलांबरोबर राहायच्या. गेली सात वर्षं त्या खात्यात तात्पुरत्या होत्या. कधी ट्यूटर, कधी संशोधन सहायक, कधी नुसत्याच 'मदतनीस'. दर सहा महिन्यांनी नवा हुकूम यायचा. त्या वर्षी मात्र खात्यात लेक्चररची कायम जागा निघाली होती. अहवाल वेळेत हाती आला की शिफारस बाईंचीच, असं प्रोफेसरसाहेबांनी चारचौघांत सांगितलं होतं. बाई त्याबद्दल अवाक्षर काढत नसत, पण त्यांच्या वडिलांनी आम्हाला चहा देताना ती बातमी दोनदा सांगितली होती.

गावात गेलं की बाई आधी खाली बसायच्या. कागद पिशवीतच. समोरच्या माणसाचं कुतूहल फिटेपर्यंत त्या पेन उघडत नसत. जांभूळ गावात एका म्हातारीनं त्यांना आपादमस्तक न्याहाळून विचारलं, "लगीन झालंय का नाय तुजा?"

"नाही हो आजी. असला कोणी पाहण्यात तर सांगा. मात्र त्याची नोकरी पक्की हवी, माझी कच्ची आहे."

म्हातारी खळखळून हसली आणि मग भाताच्या खंडीपासून मुलाच्या कारखान्यातल्या पाळीपर्यंत सगळं आपण होऊन सांगत सुटली. वाटेत मी कुरकुरलो, की अशानं दिवसाला चार घरंसुद्धा होत नाहीत. बाई म्हणाल्या, "आपण त्यांना साठ प्रश्न विचारणार. त्यांनी आपल्याला सहा विचारले तर बिघडलं कुठे?"

मला मात्र घाई होती. छावणीतल्या बराकी माझ्याकडे आल्या तेव्हा बाई गावांच्या कामात अडकलेल्या होत्या. त्यांनी शिकवलेला नियम मला तोंडपाठ होता: एका चुलीवर जेवणारे ते एक कुटुंब. गावात तो चोख चालला होता. एका घरात दोन भाऊ वेगळे निघाले की चुली दोन, कुटुंबं दोन. बराकीच्या अंगणात मी पाहिलं तर मोठा थोरला तंदूर, आणि भोवती बायका. सगळ्यांच्या रोट्या इथेच का, म्हणून विचारलं. हो म्हणाल्या. झालं! एक तंदूर, एक कुटुंब. आडनावं वेगवेगळी होती, पण बहुतेक 'आणी'वर संपत होती, तेव्हा हे सगळे एकाच गोतातले असणार असं मी माझं ठरवून टाकलं. सर्वांत वयस्कर माणसाला कुटुंबप्रमुख केलं आणि बाकीचे त्याच्या पदरात घातले. दिवसात एक बराक संपली, चार दिवसांत चार. स्वतःच्या हुशारीवर मी जाम खूश होतो.

अहवाल द्यायला आठवडा उरला असताना बाईंनी मला बोलावलं. त्यांच्यापुढे माझा एक कागद होता.

"कर्णिक, या एका कुटुंबात सात सासवा कशा?"

मी तंदूर सांगितला. फी, ट्यूटरकी, सगळं डोळ्यांसमोरून जायला लागलं. बाई म्हणाल्या, "नियम मी शिकवला. आणि बराकी न बघता शिकवला. उद्या सकाळी आपण दोघं जायचं."

प्रोफेसरसाहेबांनी सोपा उपाय सुचवला होता, तो मला नंतर कळला. मोठ्या कुटुंबांना पाचानं भागा, आकडे जुळतील, कोण बघायला येतंय? बाईंनी लेखी कळवलं, "कामात चूक झाली आहे, ती माझी आहे, दुरुस्तीला पंधरा दिवस लागतील." माझं नाव त्या चिठ्ठीत नव्हतं.

बराकीत आम्हाला पाहून एक बाई पिठाच्या हातांनीच बाहेर आल्या. आमच्या बाईंनी त्यांना सरळ सांगितलं, की आमच्याकडून तुम्हा सगळ्यांचं एकच घर लिहिलं गेलं. त्या बाई आधी हसल्या, मग गंभीर झाल्या. "अदी, आटा अपना-अपना, सिर्फ तंदूर सबका. लकड़ी कितनी महँगी है! सिंध में हमारा अपना आँगन था, अपना तंदूर था. अब यहाँ कागज पर भी हमारा घर नहीं रहेगा क्या?"

अदी म्हणजे बहीण. बाईंनी ते वाक्य जसंच्या तसं उतरून घेतलं. मला तोंड वर करवेना. माझ्या घाईनं या माणसांचं घर दुसऱ्यांदा गेलं होतं, हे मला तेव्हा समजलं. पंधरा दिवस आम्ही बराकीत घराघरांमध्ये टांगलेल्या पडद्यांआड बसून, एकेका घराचं पीठ वेगळं धरून, नव्यानं कागद भरले. बाई एकदाही रागावल्या नाहीत.

अहवाल उशिरा गेला. लेक्चररची जागा दुसऱ्या कोणाला मिळाली आणि बाईंचा पुढचा हुकूम आलाच नाही. त्यांना नागपूरकडे अशीच एक सहा महिन्यांची नेमणूक मिळाली. निघायच्या आदल्या दिवशी मी बदलापूरला त्यांच्या घरी गेलो आणि म्हणालो, की साहेबांना खरं काय ते सांगून टाकतो. बाई ट्रंकेत पुस्तकं लावत होत्या. "सांगून माझी जागा परत येणार नाही, तुमची मात्र जाईल. एका चुकीत दोन माणसं कशाला बसवायची घरी?" माझ्या कामाबद्दल त्यांनी लिहून ठेवलेला चांगला दाखला त्यांनी मला दिला. मी तो घेतला. गप्प बसलो. त्या दाखल्यावर ट्यूटर झालो, पुढे त्याच खात्यात कायम झालो.

पुष्कळ वर्षांनी त्याच भागाची फेरपाहणी माझ्या हाताखाली झाली. अहवालाच्या प्रस्तावनेत मी लिहिलं, की पहिल्या पाहणीत चार बराकींची नोंद चुकली, ती चूक माझी होती आणि तिची किंमत दुसऱ्या व्यक्तीनं मोजली. पत्ता शोधून बाईंना एक प्रत पाठवली. महिन्याभरानं पोस्टकार्ड आलं. अक्षर जरा थरथरतं, पण ओळी सरळ होत्या.

"प्रस्तावना वाचली. बराकी तीन होत्या. चौथ्या बराकीत तंदूर नव्हता, ती तुम्ही बरोबर भरली होती. न केलेली चूक आपल्या नावावर लिहू नये. पुढच्या आवृत्तीत दुरुस्त करावे."