एका द्रवणांकाचा मूळ पत्ता

रसायनशास्त्रात संशोधन करू पाहणाऱ्या विद्यार्थ्याचा पहिला तास मी प्रयोगशाळेत घेत नाही. तो ग्रंथालयातल्या संगणकासमोर होतो. आधी शोधायला शिकावे, मग करायला, असा माझा क्रम आहे. अमरावतीच्या आमच्या महाविद्यालयात यावरून मला थोडे हसतात. हसोत. जे आधीच कोणी करून ठेवले आहे ते पुन्हा करण्यात वर्षे घालवलेली माणसे मी पाहिली आहेत.

काही वर्षांपूर्वी वरूडची एक मुलगी माझ्याकडे संशोधनाला आली. घरचा व्यवसाय संत्र्यांच्या पॅकिंगचा. पेटीत न बसणारी, डागाळलेली फळे ती आंबिया बहारात, म्हणजे दिवाळीच्या सुमारास संत्री उतरतात तेव्हा, घरूनच आणी, साली वाळवी, त्यातला एक घटक वेगळा काढी आणि त्यापासून तिच्या मते नवा असा एक पदार्थ बनवी. पांढरेशुभ्र, सुईसारखे स्फटिक होते ते. एका दुपारी ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली.

"मॅडम, मी साऱ्या डेटाबेसमधी पाह्यलं. माह्या पदार्थाचं नावच नाई कुठं. कोनंच केला नाई तो."

"नावाने शोधलंस?"

"हो. पूर्ण नाव टाकून."

"घरी तुला काय म्हणतात?"

तिने लाजत सांगितले. ते नाव तिच्या गुणपत्रिकेवर नव्हते.

"मग वरूडच्या बाजारात तुझं गुणपत्रिकेवरचं नाव सांगितलं, तर कोणी तुझं घर दाखवेल?"

"नाई दाखवनार. बाबाचं नाव सांगा लागते."

पदार्थाचेही तसेच असते. एकाच पदार्थाला जुन्या पद्धतीचे नाव असते, नव्या नियमांचे असते, व्यापारातले वेगळेच असते. बदलत नाही ती त्याची रचना. म्हणून चांगल्या डेटाबेसमध्ये रचनेचे चित्र काढून शोधण्याची सोय असते, आणि प्रत्येक पदार्थाला एक नोंदणी क्रमांक दिलेला असतो. तिने माउसने षटकोन जोडले, बंध ओढले, ऑक्सिजन जागच्या जागी बसवले आणि शोध सुरू केला. उत्तर लगेच आले. पदार्थ होता. फार जुन्या एका भारतीय लेखात कोणीतरी तो बनवला होता.

तिचा चेहरा उतरला. पण त्याहून गंभीर गोष्ट त्या नोंदीतच खाली होती. तिथे दिलेला द्रवणांक, म्हणजे ज्या तापमानाला पदार्थ वितळतो तो आकडा, तिच्या आकड्यापेक्षा बराच कमी होता. आम्ही दुसरे डेटाबेस उघडले, एक जुनी हस्तपुस्तिकाही काढली. सगळीकडे तोच आकडा.

प्रबंध सादर करण्याची परवानगी देणाऱ्या समितीपुढे ही विसंगती गेलीच. समितीतले ज्येष्ठ प्राध्यापक चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "बाई, पाच ठिकाणी एकच आकडा आहे. सारं जग चुकलं आन् वरूडची संत्री तेवढी बरोबर, असं म्हणणं आहे का तुमचं?"

सगळे हसले. ती हसली नाही. पुढच्या बैठकीपर्यंत खुलासा करा, नाहीतर पदार्थ नव्याने बनवून दाखवा, असे ठरले. नव्याने बनवायचा तर पुढच्या बहाराची वाट पाहणे आले, म्हणजे तिच्या कामाचे जवळजवळ एक वर्ष गेले असते.

प्रथम आम्ही आमची चूक शोधली. तो क्रम मी कधी मोडत नाही. बेन्झोइक आम्लाचा द्रवणांक प्रत्येक रसायनशास्त्रज्ञाला ठाऊक असतो. तो आमच्या उपकरणावर मोजला. उपकरण बरोबर होते. मग मी तिला शाळेतला नियम विचारला.

"पदार्थात अशुद्धी असली तर द्रवणांकाचं काय होतं?"

"खाली येते. आन् पदार्थ एकदम वितळत नाई, हळूहळू वितळते."

"तुझा?"

"वर हाये. आन् एकदम वितळते." म्हणजे पदार्थ शुद्ध होता, हे तिलाही कळले. "मॅडम, आमच्याकडे पाच दलाल एकच भाव सांगून राहिले, तं बाबा इचारते, बाग कोनं पाह्यली? बहुतेक एकानंच पाह्यली असते. बाकीचे त्याचंच आयकून बोलते."

डेटाबेसमधल्या प्रत्येक आकड्याखाली बारीक अक्षरात संदर्भ असतो. तो वाचा, असे मी दरवर्षी सांगते. हे मी शिकवत होते आणि तिच्या घरी ते सौद्याचा रिवाज म्हणून चालत होते. आम्ही पाचही नोंदींचे संदर्भ उघडले. एकाचा संदर्भ दुसऱ्याकडे, दुसऱ्याचा तिसऱ्याकडे जात होता आणि शेवटी सगळे त्याच एका जुन्या लेखापाशी येऊन थांबत होते. आकडे पाच होते, मोजमाप एकच.

संगणकावर त्या लेखाचा केवळ सारांश होता. ग्रंथालयांची सामायिक सूची पाहिली तेव्हा त्या नियतकालिकाचा तो खंड अकोल्याच्या एका ग्रंथालयात निघाला. बडनेऱ्याहून गाडी धरून आम्ही दोघी गेलो. तिथल्या ग्रंथपालांनी तळघरातून जाड बांधणीचा खंड आणून टेबलावर ठेवला.

"काहून पाह्यजे हा? आता तं सारं मोबाइलवर भेटते."

"बाग पाहाले आलो, काका," ती म्हणाली.

त्यांना काही कळले नाही, पण त्यांनी पंखा लावून दिला.

लेख लहान होता. तिने बोट ठेवून वाचायला सुरुवात केली आणि एका परिच्छेदावर बोट थांबले. पदार्थ पिवळसर मिळाला. अमुक तापमानाला मऊ होऊ लागला. मात्रा फार थोडी असल्यामुळे अधिक शुद्धीकरण करता आले नाही, असे त्या संशोधकांनी स्वच्छ लिहिले होते. त्यांनी काहीही लपवले नव्हते. पुढच्या संकलकांनी फक्त आकडा उचलला, आणि 'मऊ होऊ लागला' हे शब्द मागेच राहिले.

"बिचारे," ती म्हणाली. "त्यायनं तं खरंच सांगतलं होतं."

पुढच्या बैठकीत बोलणे मी तिच्यावर सोपवले. तिने पाचही संदर्भांची वाट फळ्यावर काढली, मूळ परिच्छेद वाचला, मग आपले मोजमाप सांगितले. ज्येष्ठ प्राध्यापकांनी झेरॉक्स प्रत हातात घेऊन शेवटपर्यंत वाचली.

"हे अकोल्याले जाऊन आणलं?"

"हो सर."

"यांच्या प्रामाणिकपणाबद्दल प्रबंधात एक वाक्य लिहा."

"लिहिलं हाये सर. पान उलटा."

त्यांनी पान उलटले, चष्मा खाली घेतला आणि परवानगीवर सही केली. "वरूडची संत्री बरोबर निघाली," एवढेच म्हणाले. त्या वेळी मात्र तीही हसली.

डेटाबेसवाल्यांना तिने दुरुस्ती कळवली आहे. उत्तर अजून आलेले नाही. ती आता अकोटच्या एका महाविद्यालयात शिकवते. गेल्या सत्रात मी तिला आमच्या नव्या विद्यार्थ्यांचा पहिला तास घ्यायला बोलावले आणि स्वतः मागच्या बाकावर बसले. तिने पडद्यावर एक नोंद उघडली. मुलांनी वह्या काढून आकडा उतरवायला सुरुवात केली.

"थांबा," ती म्हणाली. "आधी सांगा, हा मोजला कोणी?"

पुढच्या बाकावरची एक मुलगी मान पुढे करून नोंदीखालची बारीक अक्षरे वाचू लागली. मी वही मिटून ठेवली. त्या तासाला माझी गरज नव्हती, आणि इतक्या वर्षांच्या नोकरीत याहून सुखाची गोष्ट मला आठवत नाही.