पाळण्यात बसायचं राहून गेलं

"हा आजार बरा होत नाही. पण त्याच्यासोबत कसं राहायचं ते आपण शिकू," डॉक्टर म्हणाले. चिंचवडच्या हॉस्पिटलमधली ती केबिन लहान होती. आई खुर्चीत बसली होती. पप्पा आणि मी तिच्या मागे उभे होतो. पप्पा चाकणहून रात्रपाळी करून थेट आले होते, अंगावर कंपनीचाच शर्ट.

आईने मान वळवून मला विचारलं, "काय म्हणायलेत गं?"

आमच्या घरातून कॉलेजात जाणारी मी पहिलीच, त्यामुळे इंग्रजी आलं की सगळे माझ्याकडे बघतात. पण रिपोर्टवरचा तो शब्द मलाही नवीन होता. मोटर न्यूरॉन डिसीज. मग डॉक्टरांनीच आईला सोप्या मराठीत सांगितलं. स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या नसा हळूहळू निकामी होतात. आधी हात किंवा पाय, पुढे बोलणं, गिळणं, श्वास. बुद्धी बहुतेक शाबूत राहते, स्पर्शही कळतो.

आईने सगळं ऐकून घेतलं आणि पप्पांना म्हणाली, "म्हणजे ती नवी चप्पल उगीच घेतली."

सुरुवात चपलेपासूनच झाली होती. चालताना तिच्या डाव्या पायातली चप्पल निसटायची, बोटांनी धरताच यायची नाही. चप्पल सैल झाली असेल, म्हणून आम्ही नवी आणली. तीही निसटायला लागली तेव्हा दवाखाना सुरू झाला. एमआरआय झाला. ईएमजी झाली, म्हणजे सुया टोचून स्नायूंमधली वीज मोजतात. त्या वेटिंग रूममध्ये मला फार वाटायचं की हे सगळं आधी कुणीतरी सांगितलं असतं तर बरं झालं असतं. म्हणून लिहिते आहे. मला लिहिण्याची सवय नाही, चुकलं तर समजून घ्या.

आम्ही मूळचे लातूरकडचे. काळेवाडीत आमचं छोटं घर आहे. खाली दोन खोल्या, आतून सरळ जिना, वर एक खोली आणि छत. आईचा दिवस छतावरच जायचा. कपडे, वाळवणं, कुंड्या आणि शेजारच्या छतांवरच्या बायकांशी गप्पा. पाय उचलेनासे झाले तेव्हा तिचा पलंग खाली आला. पप्पा म्हणाले, रोज उचलून वर नेतो. आई नको म्हणाली. "सगळ्या बायका बघतील. मला पोत्यासारखं नेऊ नका."

फिजिओथेरपीच्या मॅडमनी स्टेअरलिफ्टचं सुचवलं. जिन्याच्या कडेने रूळ बसवतात आणि त्यावरून मोटरची खुर्ची सरकत वर जाते. आईने मोबाइलवर तिचा व्हिडिओ बघितला आणि म्हणाली, "हा तर पाळणा हाय." तेव्हापासून आमच्या घरात त्या खुर्चीचं नाव पाळणा.

पाळणा बसवला तेव्हा पितृपंधरवडा चालू होता. बसवायला आलेल्या माणसांनी खुर्ची रिकामीच वरखाली फिरवून दाखवली. पप्पा म्हणाले, "कंपनीत नवीन मशीन हार घातल्याशिवाय आम्ही चालू करत नाही. दसऱ्याला पूजा करू, मग बस." आईलाही ते पटलं. पितरांच्या दिवसांत नव्या वस्तूची सुरुवात कशाला करायची? मलाही काही वावगं वाटलं नाही. आई पलंगावरून पाळण्याकडे बघायची आणि छतावर गेल्यावर काय काय करायचं ते सांगायची. तुळशीची माती बदलायची. शेजारच्या काकूंना हाक मारायची, पण आधी सांगायचं नाही, त्यांना दचकवायचं.

घटस्थापनेनंतर आईला ताप आला. ॲस्पिरेशन न्यूमोनिया झाला होता. म्हणजे गिळताना अन्नपाणी श्वासाच्या नळीत जातं आणि छातीत जंतू वाढतात. दसरा आयसीयूच्या बाहेर गेला. तिथल्या नर्स सिस्टरांनी आईची वेणी रोज घातली, हे मी विसरणार नाही. घरी येताना सोबत बायपॅप होतं. ते तोंडावर मास्क लावून श्वासाला जोर देणारं मशीन असतं.

डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. "मान आणि कंबर आता सावरत नाही. त्या खुर्चीत बसवू नका. श्वास अडकेल."

तेव्हापासून आईचा पलंग जिन्यासमोर आणि पाळणा तिच्या डोळ्यांसमोर. पौषात एके सकाळी ती म्हणाली, "सारखं दिसतंय. विका." आता तिचे शब्द ओले होऊन एकमेकांना चिकटलेले असतात. मला कळतात, परक्याला कळत नाहीत.

रावेतचे एक दादा बघायला आले. आयटीत नोकरी, त्यांच्या आईच्या खुब्याचं ऑपरेशन झालेलं. त्यांना पाळणा आवडला. जाता जाता म्हणाले, "लगेच काढून नेतो. पण पौष चाललाय ना, आई फार मानते. संक्रांतीनंतर सुरू करू."

पलंगावरून आई काहीतरी बोलली. दादांनी माझ्याकडे बघितलं.

"ती म्हणते, मग देत नाही."

"अगं, असं काय बोलायलीस?" पप्पा ओशाळले.

आईने दादांच्या आईला फोन लावायला सांगितलं. त्यांनी बिचाऱ्यांनी लावला, स्पीकरवर. आई बोलायची आणि मी ते पुन्हा बोलायची.

"वर काय आहे तुमच्याकडे?"

"देवघर हाय बाई. सून पूजा करती, मी खाली बसून घंटा ऐकती. वर्स झालं, देव बघितला न्हाई."

"पौषात देव झोपतात का?"

पलीकडे त्या हसल्या. "न्हाई बाई. जागंच असत्यात."

आई पुढचं बोलली आणि मी तिच्याकडे बघितलं. तिने डोळ्यांनी खुणावलं. मी म्हणाले, "आई म्हणते, मी दसऱ्याची वाट बघितली. तुम्ही संक्रांतीची बघू नका."

"व्हय," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "लावत्यात त्याच दिशी बसती."

तुमच्या घरी असा आजार आला असेल तर एवढंच सांगायचं आहे. चाकाची खुर्ची असो, काठी असो की पाळणा असो, आली त्याच दिवशी माणसाला त्यात बसवा. हा आजार थांबत नाही. डॉक्टर हे सांगतात, पण आपल्याला ते पायांबद्दल वाटतं, हातात उरलेल्या दिवसांबद्दल वाटत नाही.

आठवड्याने संध्याकाळी दादांचा फोन आला. पाळणा बसला होता, त्यांची आई वर जाऊन आली होती. मी आईच्या उशाशी बसून सांगितलं. त्यांनी नवं लुगडं नेसलं. निम्म्या जिन्यात घाबरून रामाचं नाव घेतलं. वर पोचल्या आणि सुनेला म्हणाल्या, समईला किती काजळी धरलीय.

आई हसली. हसल्यावर तिला दम लागतो, म्हणून मी मास्क लावायला हात पुढे केला. तिने मान किंचित हलवली, थांब म्हणून.

"परत सांग," ती म्हणाली. "वर जातानाचं."

मी परत सांगितलं. या वेळी सावकाश, खुर्ची चढते तितकं सावकाश.