पाताळातला कारखाना

जवळा बाजारला बाबांचं मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी लोक बैलगाडीत घालून आणायचे. बाबा त्या उघडायचे, काळी पडलेली तांब्याची तार उपसायचे आणि नवी भरायचे. मी तेव्हा हिंगोलीला बी.ए. करत होते. कॉलेज सुटलं की बसने परत यायची आणि दुकानातच लिहीत बसायची, कारण घरी दोघी धाकट्या बहिणी कोणाला टेकू द्यायच्या नाहीत.

काय लिहितेय ते मी कोणाला सांगितलं नव्हतं. कादंबरी होती. पाताळात एक असुर लोखंडाचा कारखाना उभारतो. धुराडी, बॉयलर, पट्टे, घण, सगळं मंत्रावर चालतं. देव वरून बघतात आणि त्यांना हळूहळू भीती वाटायला लागते. असलं लिहिणारी मुलगी आमच्या भागात मी तरी पाहिली नव्हती, म्हणून वही ओढणीखाली असायची.

दुपारी लाइट गेली की बाबांना मोटार तपासता येत नसे. अशाच एका दुपारी ते म्हणाले, "रोज काय लिहून राहिली गं माय? वाच की जरा."

मी वाचलं. बाबा बेअरिंग पुसत ऐकत होते. वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, "ते मोठं चाक थांबत काहून न्हाई?"

"मंत्रानं फिरतं, बाबा."

"मंत्र कोण म्हणतं?"

"असुर म्हणतात."

"मंग ते थकत न्हाईत का?"

मी म्हणाले, ही जादू आहे, जादूत थकायचं नसतं.

"असं कसं?" बाबा शांतपणे म्हणाले. "फिरणारं काही बी असो, तापणारच की."

मला राग आला. चौथी शिकलेल्या माणसाने माझ्या कादंबरीत खोट काढावी, हे मला सहन झालं नाही. आठवडाभर मी दुकानात वही उघडली नाही. बाबांनीही विचारलं नाही.

मग एक दिवस त्यांनी मला हाक मारली. समोर एक उघडलेली मोटार होती. आतल्या तारा जळून एकमेकींना चिकटल्या होत्या, करपलेल्या गुळासारखा वास येत होता. "हात लावून बघ," ते म्हणाले. मी लावला. "चार दिवस पाणी वढलं तिनं, बिना थांबता. लय तकलीफ सोसली. तुझ्या असुरांच्या गळ्याचं बी असंच होत असंल."

त्या आठवड्यात मी पहिली चाळीस पानं फाडली. नव्या लिखाणात कारखान्यात असुरांच्या बायका रांगेने बसून मंत्र म्हणत होत्या. म्हणता म्हणता त्यांचे गळे तापत, आणि रोज संध्याकाळी प्रत्येकीचा एक शब्द कायमचा विसरला जाई. आधी किरकोळ शब्द जात. मग एक जण घरी जाते आणि स्वतःच्या लेकराला हाक मारायला तिला नावच आठवत नाही. बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, "आता बराबर झालं."

त्यानंतर लाइट जायची आम्ही दोघं वाट बघू लागलो. कधी गिऱ्हाईकही ऐकत थांबे. साखरा गावाजवळच्या बंजारा तांड्यावरचे एक काका पाहुण्यांची मोटार घेऊन आले होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पण बाई, पाताळात लोखंड आणलं कोणी?"

मी त्याचा विचारच केला नव्हता.

"आमचे आजे-पणजे बैलांच्या पाठीवर मीठ वाहायचे," ते म्हणाले. "कोणीतरी वाहून आणलं असंल की."

त्यांच्यामुळे बैलांच्या तांड्याचं एक आख्खं प्रकरण झालं. तो तांडा खाली उतरतो आणि त्या बायकांना सोबत घेऊन वर येतो. कारखाना बंद पडतो तो त्यामुळे. देवांना काही करावंच लागत नाही. ते काका पुन्हा कधी भेटले नाहीत.

कादंबरी पूर्ण झाली तोवर मी हिंगोलीच्या एका शाळेत शिकवायला लागले होते. पुण्याच्या एका प्रकाशकाने ती परत पाठवली. असुर आणि बॉयलर यांचा मेळ बसत नाही, असं पत्रात लिहिलं होतं. बाबांनी ते पत्र माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं आणि एवढंच म्हणाले, "त्यांनी बॉयलर बघितला नसंल." पुढे दोन वर्षांनी औरंगाबादच्या एका लहान प्रकाशकाने ती छापली. मला दहा प्रती मिळाल्या. त्यातल्या आठ बाबांनी दुकानात ठेवून घेतल्या.

ओळीवर बोट ठेवून त्यांनी ते पुस्तक अडीच महिन्यांत वाचून काढलं. एका रविवारी मी गेले तर म्हणाले, "एक पान चुकलं गं. दोन दातेरी चाकं एकमेकांत अडकलेली, आन् तू दोन्ही उजवीकडं फिरवली."

"आता छापून झालं, बाबा."

"व्हय, ते हाये. म्हणून मी पेन्सिलनं नीट केलं."

आठही प्रतींत त्यांनी एक 'उजवीकडे' खोडून वर ठळक अक्षरात 'डावीकडे' लिहिलं होतं. मला थोडं वाईट वाटलं. परतीच्या बसमध्ये मी दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून फिरवून पाहिली. शेजारची बाई माझ्याकडे बघायला लागली, तेव्हा हात खाली घेतले. बाबांचं बरोबर होतं.