विणीच्या खोलीतला खोकला

डुकरांच्या त्या फार्मवर सगळे तिला मावशी म्हणायचे. मालकसुद्धा, आणि मालक तर तिच्यापेक्षा वयानं मोठा. विणीची खोली तिची होती. डुकरीण व्यायला लागली की मावशी गुडघे टेकून बसायची, पिल्लाचं नाकतोंड पुसायची आणि ते निपचित असलं तर तोंडाशी तोंड नेऊन फुंकर घालायची. अडलेल्या डुकरिणीला दटावायची, "आता कुठं निघालीस उठून? आधी हे आटप." डुकरीण बहुतेक वेळा ऐकायची.

घरी नवरा. लाकडाच्या कारखान्यात जन्मभर भुसा छातीत भरून घेतलेला. जिना चढताना मध्येच थांबायचा आणि म्हणायचा, "दमलो नाही, देखावा बघतोय." जिन्यात बघायला नुसती भिंत. थंडीत घर गार पडायचं, म्हणून मावशी त्याला फार्मवर घेऊन यायची. पिल्लांसाठी लावलेल्या दिव्यांजवळ तो स्टूल टाकून बसायचा. एखादं अशक्त पिल्लू ती त्याच्या मांडीवर ठेवायची. "तुम्हाला ऊब, त्यालाही ऊब."

त्या हिवाळ्यात मावशीला ताप आला, अंग ठणकायला लागलं. नवरा म्हणाला, "आज पडून राहा."

"कशी राहू? तिकडं सगळ्या एकदमच व्यायला आल्यात. तुम्ही मात्र घरीच थांबा."

ती तोंडाला फडकं बांधून गेली. फुंकर घालताना फडकं खाली ओढावंच लागलं.

ताप उतरला, ती बरी झाली. नवराही पुन्हा स्टुलावर येऊन बसायला लागला. पुढं पिल्लं दूध तोडण्याच्या वयाची झाली आणि खोकायला लागली. डुकरिणींना फ्लूची लस टोचलेली होती, तरी त्याही खोकू लागल्या. जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी नाकात कापसाच्या काड्या फिरवून नमुने नेले.

निकाल आला तेव्हा त्यांनी मावशीला दारातच गाठलं. "इथल्या डुकरांत एक फ्लू आधीपासून ठाण मांडून होता. त्यात माणसांचा फ्लू येऊन पडला. एकाच डुकराच्या अंगात दोन विषाणू भेटले की आपापले तुकडे बदलून घेतात. आता हा वेगळाच झालाय. लस याला ओळखत नाही."

"माणसांचा म्हणजे कुणाचा?"

"सांगता येत नाही. गाडीवाल्याचा, मालकांचा, माझाही असेल."

"माझाही असेल."

डॉक्टरीणबाई हातमोजे काढत राहिल्या. "असेल," त्या म्हणाल्या.

त्या रागावल्या असत्या तर मावशीला बरं वाटलं असतं. तिनं घरी येऊन नवऱ्याचं फार्मवर येणं बंद केलं. तोवर तो खोकायला लागला होता.

इस्पितळात तपासणी झाली. डुकरांतला तोच, बदललेला. मावशीला काही झालं नाही. त्या विषाणूचा अर्धा भाग तिच्या अंगाच्या ओळखीचा असावा, असं तिथले डॉक्टर म्हणाले. नवऱ्यानं नाकावरची ऑक्सिजनची नळी बाजूला केली. "डुकराचा आजार लागला मला. म्हणजे नातं जमलंच म्हणायचं." त्याला हसू आलं, त्यातून ढास लागली, ती आवरेना. त्यानंतर तो फारसं बोलला नाही. आठवड्याच्या आत गेला.

मालकानं फार्म रिकामा केला. फरशा, नळ, पिंजरे, सगळं धुऊन काढलं आणि दुसरीकडून नवी डुकरं आणली. काही महिने शांततेत गेले. मग नव्या डुकरिणींचीही नाकं वाहायला लागली. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा नमुने नेले. या वेळी तिसरंच काही निघालं. नव्या डुकरांनीच ते सोबत आणलं होतं.

"मग याची लस मागवू," मालक म्हणाला.

"मागवा. ती तयार होऊन येईपर्यंत हाही बदललेला असेल."

मावशी आता जाड मास्क लावते. निपचित जन्मलेल्या पिल्लाला पाय धरून झटकते, चोळते. श्वास आला तर आला, नाहीतर बादलीत ठेवते.

बहिणीनं एकदा विचारलं, "सोडत का नाहीस ते काम?"

"सोडून काय करू? घरी बसून भिंत बघू?"

बहिणीला त्यातलं काही कळलं नाही. तिनं चहाचे कप उचलले आणि विसळायला नेले. मावशी बूट चढवून कामावर गेली. त्या दिवशी तीन डुकरिणी व्यायला आल्या होत्या आणि तिघीही खोकत होत्या.