दोघी घरी जा

ती तीस वर्षांची होती. जन्मापासून उजवी बाजू आखडलेली, बोलणं अडखळत, नवी गोष्ट समजायला वेळ लागायचा. हरणी भागातल्या घरातून आईशिवाय ती कधी कोपऱ्यावरच्या दुकानातही गेली नव्हती. अशा माणसांना नोकरी मिळवून द्यायची आणि काम अंगवळणी पडेपर्यंत त्यांच्याबरोबर राहायचं, ही माझी नोकरी. म्हणून मी तिच्यासोबत सयाजीगंजातल्या एका हॉटेलात जायला लागले. तिचं काम होतं काटा-चमचा कापडी नॅपकिनमध्ये गुंडाळून ठेवायचं.

पहिल्या दिवशी एका हाताने गुंडाळताना सगळं खणखणत फरशीवर पडलं. ती दचकली, आणि मग हसली. कसली हसली! उचलून ठेवलं की पुन्हा पडायचं, पुन्हा हसू. भांडी घासणाऱ्या बेनही खिदळायला लागल्या. स्वयंपाकघराचे प्रमुख काका, फार गंभीर माणूस, धावत आले.

"बेन, आ शुं चाले छे?"

काय चाललंय ते सांगायला मी तोंड उघडलं, पण मलाच हसू आवरेना. नोकरी गेली, असं मी धरूनच चालले.

त्या संध्याकाळी मी नळाच्या पाइपचा तुकडा उभा चिरून फळीवर ठोकला. नॅपकिन त्या पन्हळीत अंथरला की काटा-चमचा जागचा हलत नाही, डाव्या हाताने गुंडाळी करता येते. दुसऱ्या दिवशी तिने दुपारपर्यंत दोन टोपल्या भरल्या. काकांनी एक गुंडाळी उलटीसुलटी करून पाहिली. "सरस! कालथी रोज आवजो."

उद्यापासून रोज या, असं त्यांना म्हणायचं होतं; गुजरातीत उद्यालाही कालच म्हणतात. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "काल तर आलेच होते की!" काका, तो गंभीर माणूस, भिंतीला टेकून हसले.

मग माझं खरं अवघड काम सुरू झालं, हळूहळू बाजूला व्हायचं. आधी शेजारी बसायचे, मग दाराशी, आणि तिसऱ्या आठवड्यात समोरच्या चहाच्या टपरीवर. तिथे बाकावर एक बाई आधीच बसलेल्या. डोक्याभोवती ओढणी, डोळ्यांवर काळा चष्मा. स्कूटरवाल्या बायका बांधतात तशी ओढणी, पण स्कूटर कुठेच दिसेना.

"काकू?"

"श्श! ताई, हळू. ती बघेल."

तिची आईच होती! रोज लेकीला हॉटेलच्या दाराशी माझ्यावर सोपवून घरी जाते म्हणायच्या आणि इथेच बसायच्या. मी काही बोलणार, तेवढ्यात हॉटेलच्या दारात लेक उभी. तिने आधी मला पाहिलं, मग त्या चष्म्याला. एक पाय ओढत फाटकापर्यंत आली आणि एकेक शब्द सुटा करत ओरडली, "दोघी... घरी... जा! मला काम आहे!"

आणि पाठ फिरवून आत गेली.

काकूंनी ओढणी सोडली. "आता मी काय करू हो? तीस वर्षांत दुपार कधी मोकळी मिळालीच नाही."

"सेव उसळ खायची?"

रिक्षा करून मांडवीच्या बाजारात गेलो. काकूंनी तिखट तरी दोनदा मागून घेतली, नाक पुसत पुसत हसल्या, उचकी लागली तरी हसत राहिल्या. मग बांगड्या पाहिल्या, एकही घेतली नाही. मग कुल्फी. "दोघी घरी जा," काकू मधूनच लेकीच्या आवाजात म्हणायच्या आणि आम्ही भर बाजारात शाळकरी मुलींसारख्या वाकून वाकून हसायचो. कामावर असताना मी इतकी कधीच बहकले नव्हते.

घड्याळ पाहिलं तेव्हा पाच वाजून गेले होते; तिची सुटी कधीच झाली होती. भांडी घासणाऱ्या बेन हरणीलाच राहायच्या, त्यांच्याबरोबर रिक्षेने लेक घरी पोचलीही असणार. आम्ही धापा टाकत सोसायटीत शिरलो. ती पायरीवर बसली होती, मांडीवर डबा.

"उशीर केलास," ती आईला म्हणाली. "फोन करायचा ना!"